अर्ध्या फळ्याचे सर

मानपत्रात छापलं होतं, 'शांत, संयमी आणि मनमिळाऊ.' मी ते दोनदा वाचलं, कारण ज्यांचा निरोपसमारंभ होता त्यांनीच आम्हा सगळ्यांना दोनदा वाचायची सवय लावली होती. दुसऱ्यांदा वाचलं आणि माझं डोकंच सणकलं. शांत? सोनकांबळे सर शांत? लातूरच्या आमच्या क्लासमध्ये सात वर्षं काढली त्यांनी, आणि न चिडता घालवलेला एक दिवस मला आठवत नाही. डायरेक्टर साहेबांशी त्यांचं पटलं नाही, ऑफिसातल्या बाईंशी पटलं नाही. माझ्याशी पटलं म्हणावं, तर ते माझ्या लायकीपेक्षा जास्तच पटलं. दुकानातून तयार मजकूर उचलायचा, नाव बदलायचं, काचेच्या चौकटीत बसवायचा आणि हातात द्यायचा. झालं मानपत्र! म्हणून मी हे लिहायला बसले. हेही मानपत्रच समजा, फक्त यातलं सगळं खरं आहे.

सर मूळचे बिलोलीकडचे. शिक्षण नांदेडला, नोकरी लातूरला. ते गणित शिकवायचे, मी त्याच क्लासमध्ये बायॉलॉजी शिकवते. त्यांचा तास संपला की त्याच वर्गावर माझा तास असायचा, त्यामुळे त्यांचा फळा मला रोज पुसावा लागायचा. आणि तो फळा अर्धाच असायचा. भिंतभर फळा, पण सरांचं गणित सुरू व्हायचं ते छातीच्या उंचीवर. वरचा अर्धा फळा सकाळी शिपायानं पुसलेला तसाच कोरा. गणित लांबलं की सर गुडघे वाकवायचे, आणखी लांबलं की चक्क उकिडवे बसून फळ्याच्या तळाशी लिहायचे, पण वर जायचे नाहीत. लिहिताना उजवं कोपर बरगडीला असं चिकटलेलं, की जणू काखेत काही धरलंय आणि ते पडता कामा नये. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं 'अर्धा फळा'. सरांना ते माहीत होतं.

रस्त्यावरही तेच. रिक्षाला हात करायचे नाहीत, शिट्टी मारायचे. चाळिशीतला, चष्मा लावलेला गणिताचा मास्तर भर चौकात टपोरी पोरासारखी शिट्टी मारतोय हे बघून मला पहिल्यांदा हसूच आलं. बसमध्ये वरचा दांडा कधी धरायचे नाहीत, सीटच्या पाठीला धरून हेलकावे खायचे. मला वाटायचं, खांदा धरला असेल. एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, वरच्या अर्ध्यात तुमचं काही अडलंय का?" पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यांचा राग कसा होता ते एका परीक्षेवरून सांगते. वर्गाची चाचणी होती. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर एक ओळ होती, की फक्त विषम क्रमांकाचे प्रश्न सोडवा. साठ पोरांपैकी एकानंही ती वाचली नाही, सगळ्यांनी धडाधड सगळे प्रश्न सोडवले. सरांनी साठच्या साठ पोरांना शून्य दिलं, पहिल्या नंबरच्या पोरीलाही. दुसऱ्या दिवशी आईबाप चालून आले. सरांनी वाद घातला नाही, प्रत्येकाच्या हातात तीच प्रश्नपत्रिका दिली आणि म्हणाले, वाचा. आईबापांनी वाचली आणि दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाले, हा तर बरोबर सोडवलाय की पोरानं! मग सर जे कडाडले, ते खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत ऐकू गेलं. "प्रश्न दोनदा वाचा," हे त्यांचं वाक्य. पोरांच्या वह्यांवर ते लाल शाईनं असायचं, स्टाफरूमच्या कपाटावरही त्यांनी चिकटवून ठेवलं होतं.

आता जिचा दोष मला माझ्याकडेच घ्यावा लागतो, ती गोष्ट सांगते. मे महिना होता, लाईट गेली होती, स्टाफरूममध्ये आम्ही चौघं-पाच जण घामाघूम बसलो होतो. फिजिक्सचे एक सर होते तेव्हा, पुढे क्लास सोडून गेले. त्यांनी नाक आक्रसलं, सोनकांबळे सरांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कसला वास येऊन राहिला हो?" ड्रॉवरमधून सेंटची बाटली काढली आणि हवेत फसफस मारली. कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. मी काय केलं? मी उठले आणि खिडकी उघडली.

सोनकांबळे सरांनी हातातली वही बंद केली. म्हणाले, "घाम सगळ्यांना येतो. वास मात्र ठराविक आडनावालाच येतो." आणि तास नसताना वर्गावर निघून गेले. सरांना वास नव्हता, हे सांगायचीसुद्धा मला लाज वाटते, कारण असता तरी काय झालं असतं? त्यांच्या बॅगेत रोज दोन शर्ट आणि तीन रुमाल असायचे. मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन कपडे बदलून येणारा माणूस होता तो. त्याच्याइतका स्वच्छ माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता, मीसुद्धा नाही.

मग आकाशी शर्ट आला. डायरेक्टर साहेबांच्या डोक्यात आलं, की आता तास कॅमेऱ्यावर घ्यायचे आणि मोबाईलवर विकायचे. त्यासाठी सगळ्या सरांना एकसारखा आकाशी शर्ट, खिशावर क्लासचं चिन्ह. सर आयुष्यभर पांढरा शर्ट घालत आले होते, त्यात ओल कमी दिसते म्हणून. आकाशी रंगाइतका चुगलखोर रंग दुसरा नाही. पहिल्या रेकॉर्डिंगलाच दोन्ही काखांत ताटलीएवढे गडद डाग. साहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि, सरांनीच मला सांगितलं ते, खुर्चीवरून न उठता म्हणाले, की याचं काहीतरी करून घ्या, ऑपरेशन असतं म्हणे, दिवाळीची सुट्टी आहेच.

त्या संध्याकाळी सर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, की मॅडम, काखेतल्या घामाला हुकूम कोण देतं? तेव्हा पहिल्यांदा मला सगळं कळलं. नववीपासूनचा त्रास. थंडीतसुद्धा शर्ट भिजायचा. गावच्या शाळेत गुरुजींनी त्यांना दाराशी बसवलं होतं, हवा येऊ दे म्हणून. गुरुजींना सरांच्या घामाचा त्रास होता की आणखी कशाचा, ते सरांना तेव्हाही कळलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीत घोषणा उठली की सगळ्या गल्लीचे हात वर जायचे, यांचा एकट्याचा खाली. मोठा भाऊ एकदा सगळ्यांसमोर ओरडला होता, की बाबासाहेबांच्या नावाला हात वर करायला लाजतो का रे? "त्याला काय सांगू मॅडम," सर म्हणाले, "घोषणा मी लई मोठ्यानं द्यायचो."

आणि मी काय केलं? एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढली. पाठीचा कणा, बरगड्या, बरगड्यांच्या मुळाशी वरून खाली गेलेली नसांची साखळी. छातीला बाजूनं बारीक भोकं पाडतात, दुर्बीण घालतात, इथं साखळी कापतात किंवा चिमटा लावतात, की काखेला हुकूमच पोचत नाही. "सोपं आहे सर," मी म्हणाले. सोपं! माझ्या बापाचं काय जात होतं सोपं म्हणायला? पुस्तकातल्या एका पानाच्या जोरावर मी वीस वर्षं शिकवत होते, त्या पानावर पुढचं काही लिहिलेलं नव्हतं, आणि पुढचं शोधावं असं मला वाटलं नाही.

सर हैदराबादला गेले. आमच्याकडची माणसं मोठ्या दुखण्याला तिकडेच जातात. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डॉक्टरांनी तपासायला पाच मिनिटं दिली, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, अंगात गाऊन आणि हाताला सुई असताना, सहा पानी इंग्रजी फॉर्म आणून दिला आणि फुली मारलेल्या जागांवर सह्या करायला सांगितल्या. सरांनी केल्या. प्रश्न दोनदा वाचा म्हणणाऱ्या माणसानं एकदाही न वाचता सहा सह्या केल्या.

दिवाळीनंतर सर आले ते अजबच. पहिल्याच तासाला चवड्यांवर उभं राहून फळ्याच्या पार वरच्या कडेला त्यांनी तारीख लिहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवल्या म्हणून सर पोरांवर खेकसले, पण माझ्या तासाला मी बघितलं तर फळा वरपासून खालपर्यंत भरलेला. तो पुसायला मला स्टूल घ्यावं लागलं. रिक्षाला हात करायला लागले, शिट्टी बंद झाली. हिवाळाभर तो माणूस जिथं तिथं हात वर करत होता. पंखा पुसायला शिपायाला मदत करायचे, कपाटावरचे गठ्ठे काढून द्यायचे, कोणी न सांगता.

होळी झाली, आणि पाठ भिजायला लागली.

काखा कोरड्या ठणठणीत. पण पाठ, पोट, मांड्या. तासाच्या दहाव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटायचा, विसाव्या मिनिटाला पँटच्या पट्ट्यापर्यंत ओल उतरायची. आधी काखेचा डाग हात वर केला तरच दिसायचा. आता गणिताच्या मास्तरची पाठच वर्गाकडे, तासभर, रोज. खुर्चीवरून उठले की पाठीची ओल खुर्चीला उमटायची, म्हणून सर वर्तमानपत्र घेऊन हिंडायला लागले. कुठंही बसायचं तर आधी खुर्चीच्या पाठीला पेपर लावायचे, उठताना घडी करून सोबत न्यायचे. पुढच्या माणसाला ओलं लागू नये म्हणून.

एके दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी फाईलमधून तो फॉर्म काढला. वाचला. पुन्हा पहिल्या पानापासून वाचला. मग तिसऱ्या पानावर एका ओळीखाली लाल शाईनं रेघ मारून माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं, की शरीराच्या इतर भागांवर घाम वाढू शकतो, तो कायमचा असू शकतो, आणि हे रुग्णाला समजावून सांगितलं आहे. खाली सरांची सही. सर म्हणाले, "विषम क्रमांकाचे प्रश्न, मॅडम." त्या दिवशी त्यांनी स्वतःला शून्य दिलं, आणि त्यांचा तो आवाज मला कडाडण्यापेक्षा वाईट वाटला. मी आकृतीचं काही बोलायला गेले, तर म्हणाले, "आकृतीला पूर्ण मार्क. उत्तर अर्धंच होतं."

मला अजून संताप येतो. एक ओळ मराठीत छापायला काय सोनं लागतं? गाऊन घालायच्या आधी, माणूस माणसात असताना, शेजारी बसून ती वाचून दाखवायला किती वेळ लागतो? आणि ज्या कामासाठी काखेतच इलाज करणारे साधे उपाय होते, तिथं थेट छातीत शिरायची घाई कोणाला होती? घाई होती आमच्या साहेबांना, कॅमेऱ्याची. पाठ दिसायला लागल्यावर त्यांनी सरांना काय दिलं माहीत आहे? जाकीट. लातूरच्या एप्रिलात.

त्या उन्हाळ्यात क्लासमध्ये दोनच माणसं जाकिटात होती. एक सर, दुसरी शेवटच्या बाकावरची अश्विनी. चाकूरची पोरगी, बारावी झालेली, पुन्हा परीक्षेला बसलेली. अभ्यासात चांगली, पण कधी हात वर करून उत्तर द्यायची नाही. का द्यायची नाही ते आता मला सांगायला नको. परीक्षा संपल्यावर तिचे वडील स्टाफरूममध्ये आले. चाकूरला एका शाळेत कारकून आहेत, सरळ माणूस. त्यांना ऑफिसातून कळलं होतं, की सरांचं हैदराबादला ऑपरेशन झालं आणि एकदम चांगलं झालं. साहेबच तसं सांगत हिंडायचे. वडिलांना त्याच डॉक्टरचा नंबर पाहिजे होता, पोरीचं कॉलेज सुरू व्हायच्या आत उरकून टाकायचं म्हणून. अश्विनी त्यांच्यामागे खाली बघत उभी होती.

"सर, तुमचं झालं ना पक्कं?" वडील म्हणाले.

सरांनी जाकिटाची चेन काढली. जाकीट खुर्चीवर टाकलं आणि आमच्याकडे पाठ केली. पंखा फुल्ल चालू होता. आकाशी शर्ट मानेपासून कमरेपर्यंत गर्द निळा झाला होता, पाण्यात बुडवून काढल्यासारखा, आतल्या बनियनची शिवण न् शिवण दिसत होती. पंचवीस-तीस वर्षं जो माणूस हात वर करत नव्हता, तो एका अनोळखी बापासमोर तसा उभा राहिला, आणि बराच वेळ वळला नाही. तेवढ्यात साहेब आत आले, त्यांनी ते बघितलं. त्यांचं तोंड कसं झालं ते लिहायची माझी फार इच्छा आहे, पण जाऊ दे.

नंबर न देता सर त्यांच्यासोबत नांदेडला गेले, त्वचेच्या एका डॉक्टरांकडे. पोरीची आई आली नव्हती म्हणून वडिलांनी मला चला म्हटलं. डॉक्टर तरुण होते आणि भले होते. सरांनी त्यांची अशी उलटतपासणी घेतली, की मलाच त्यांची दया आली. प्रत्येक उपाय कागदावर लिहायला लावला, मराठीत. आधी लावायचं औषध. मग काखेत टोचायच्या औषधाच्या सुया, त्यांचा असर काही महिन्यांनी उतरतो. त्यानंतर लहान ऑपरेशन, तेवढीच जागा बधिर करून काखेला बारीक छेद देतात आणि कातडीच्या आतून घामाच्या ग्रंथी खरवडून किंवा नळीनं ओढून काढतात. व्रण राहतो, काही आठवडे हात जपावा लागतो, घाम कमी होतो पण अजिबात जाईल असं नाही. आणि सगळ्यात शेवटी नसेचं. ते काखेसाठी सहसा नकोच, डॉक्टर म्हणाले, कारण घाम दुसरीकडून निघू शकतो आणि कापलेलं परत जोडता येईल याची खात्री नाही.

"हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा," सर म्हणाले. डॉक्टरांनी लिहिलं. मग सरांनी तो कागद वडिलांना न देता अश्विनीला दिला. दोनदा वाच म्हणाले. तिनं वाचला. वडील मध्येच बोलले, की खरवडून पुन्हा येणारच असेल तर कशाला, एकदाचं मोठंच करून मोकळं होऊ.

पोरगी पहिल्यांदाच वर बघून बोलली. "पप्पा, सरांची पाठ मी रोज बघते. मला न्हाई ते करायचं."

सर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. अश्विनीनं आधी औषध आणि सुया घेतल्या. लहान ऑपरेशन करायचं की नाही ते ती सावकाश ठरवणार आहे, तिचं ती.

पुढचं सांगायला फार नाही. नांदेडहून आल्यावर सरांनी जाकीट घातलंच नाही. भिजलेली पाठ घेऊन कॅमेऱ्यासमोर वरपासून खालपर्यंत फळा भरत राहिले. साहेब म्हणाले, ऑफिसात बसा, पेपर काढून द्या, शिकवायला दुसरा माणूस बघतो. सरांनी एका ओळीचा राजीनामा दिला. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्यांना जागा मिळाली, तिथं शर्टाचा रंग कोणी विचारला नाही.

निरोपाला शाल, नारळ आणि ते 'शांत, संयमी' मानपत्र. सरांनी भाषण केलं नाही. मानपत्र तिथंच उभ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, खिशातून लाल पेन काढलं आणि काचेवरच 'संयमी'खाली रेघ मारली. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. नांदेडच्या बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. पिशवीत वर्तमानपत्र शोधलं, सापडलं नाही. मग खांद्यावरची ती जरीकाठी शाल काढली, सीटच्या पाठीला नीट पसरली आणि तिला टेकून बसले. खिडकीची काच सरकवली. मी खाली उभी होते.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी खिडकी उघडली ते बरं केलं. उकडत होतं. पण तोंड उघडायला पाहिजे होतं."

"चुकलं माझं, सर," मी म्हणाले. तिथं सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

"हाव," ते म्हणाले. "चुकलंच."

कंडक्टरनं घंटी मारली. बस वळली तेव्हा सरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि वर केला, पूर्ण, सरळ, मिरवणुकीत करतात तसा. आकाशी शर्टच होता अंगावर. काखेत एक थेंब नव्हता.